लोहगावचं हवामान सोलापुरात बसून कसं वाचायचं – नवख्यांसाठी

डिसेंबरातली गोष्ट. पुण्याहून सकाळी सव्वासहाचं विमान होतं, म्हणून रात्री साडेअकराला सोलापूर सोडलं. टेंभुर्णीला चहा झाला, इंदापूर गेलं, आभाळात चांदण्या एकदम स्वच्छ, मी मनात म्हणलो आज काय टेन्शन नाही. भिगवणच्या अलीकडं उजनीच्या पाण्याकडनं धुक्याचा पहिला पट्टा रस्त्यावर आला, ड्रायव्हरनं डिपर मारला आणि मला म्हणाला, "साहेब, तुमचं इमान उडतंय का बघा आज." उडालं नाही. म्हणजे उडालं, पण साडेनऊला, तोपर्यंत आम्ही सगळे टर्मिनलच्या काचेला नाक लावून पांढऱ्या भिंतीकडं बघत बसलो.

घरी आल्यावर मामांना सांगितलं. मामा हवाई दलात मेट असिस्टंट होते, म्हणजे विमानतळावरच्या हवामान विभागात. त्यांनी एकच विचारलं, "रात्री निघताना ड्यू पॉइंट बघितलास का?" मी म्हणलो ॲपवर बघितलं, सूर्य दाखवत होता. मामा हसले, म्हणले, "सूर्य तर रोजच उगवतोय की रे. रनवेवर काय चाललंय ते बघायचं."

तेव्हापासून शिकलो. आता जवळचे दहा-पंधरा जण रात्री मेसेज करून विचारतात, उद्या पुण्याचं कसं काय, म्हणून एकदाच नीट लिहून टाकतोय. पायलट व्हायचं असलेली पोरं, विमानांचा नाद असलेले, किंवा माझ्यासारखे अडीचशे किलोमीटर जाऊन विमान धरणारे, सगळ्यांना चालेल. खरंखुरं उड्डाण करणाऱ्यांनी मात्र अधिकृत ब्रीफिंगच घ्यायचं, हा लेख त्याच्या जागी धरू नका.

आधी जागा समजून घ्या

लोहगाव, म्हणजे पुण्याचं विमानतळ, हा मुळात हवाई दलाचा तळ आहे. १९३९ ला ब्रिटिशांनी बांधला, आज तिथं सुखोई-३० असतात, आणि आपली प्रवासी विमानं त्याच धावपट्टीवरनं पाहुण्यासारखी ये-जा करतात. टॉवरमध्ये एटीसी, म्हणजे विमानांना कधी उडा-उतरा सांगणारं नियंत्रण, हवाई दलाचं. समुद्रसपाटीपासून उंची ५९२ मीटर, म्हणजे साधारण १९४० फूट. धावपट्टी एकच, १०/२८. हे आकडे म्हणजे दिशा: २८ म्हणजे २८० अंश, जवळपास पश्चिम, आणि १० म्हणजे १०० अंश, पूर्वेपेक्षा जराशी दक्षिणेला. शेवटचा शून्य खाल्लेला असतो एवढंच.

आपल्या सोलापूरच्या होटगी रोडच्या विमानतळाची धावपट्टी १५/३३, म्हणजे आग्नेय-वायव्य. उंची ४८३ मीटर. हा फरक लक्षात ठेवा, पुढं याच्यावरच मजा आहे.

आणखी एक. मोबाईलच्या ॲपमध्ये "पुणे" टाकलं की तो आकडा शिवाजीनगरचा आहे का लोहगावचा, का कुठल्या मॉडेलनं काढलेला सरासरी, हे कळत नाही. एकाच रात्री शिवाजीनगर आणि लोहगावच्या किमान तापमानात चांगला फरक पडतो. त्यामुळं ॲप बाजूला ठेवा आणि विमानतळाचाच रिपोर्ट उघडा.

मेटार उघडा, आणि आधी वेळ बघा

विमानतळावरच्या चालू हवामानाच्या रिपोर्टला मेटार म्हणतात. मोठ्या विमानतळांवर दर अर्ध्या तासाला निघतो, मध्येच काही मोठं बिघडलं तर स्पेशल रिपोर्ट निघतो त्याला स्पेसी म्हणतात. पुण्याचा चार अक्षरी कोड व्हीएपीओ, सोलापूरचा व्हीएएसएल. आपल्या हवामान खात्याच्या विमानसेवेच्या पानांवर मिळतो, अमेरिकेच्या हवामान खात्याच्या विमानहवामानाच्या साइटवर जगातल्या कुठल्याही तळाचा कोड टाकला तरी मिळतो. फुकट आहे.

स्क्रीनवर इंग्रजी अक्षरं दिसतील, मी इथं उच्चाराप्रमाणं देवनागरीत लिहितोय. पावसाळ्यातला एक नमुना, मीच बनवलेला:

व्हीएपीओ १५०३३०झेड २७०१४केटी ३००० -आरए एससीटी०१२ ओव्हीसी०२५ २४/२३ क्यू१००७ नोसिग

पहिल्यांदा बघितल्यावर लाइटबिलावरच्या ग्राहक क्रमांकासारखं वाटतं, पण आठवड्याभरात डोळ्याला सवय होते.

१५०३३०झेड म्हणजे १५ तारीख, ०३:३० झेड. झेड म्हणजे युटीसी, आपण त्याच्या साडेपाच तास पुढं, म्हणजे आपले सकाळचे ९. इथंच नव्वद टक्के नवखे गंडतात. पहाटे पाचला बघितलं तर त्यावर २३३० लिहिलेलं असणार आणि तारीख कालची असणार, आणि माणूस म्हणतो अरे हा जुना रिपोर्ट आहे. जुना नाही, तोच ताजा. सोपी खूण सांगतो: ००००झेड म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच, १२००झेड म्हणजे संध्याकाळचे साडेपाच. याच दोन वेळांच्या आसपास जगभर हवामानाचे फुगे सोडले जातात, मामांची अर्धी नोकरी त्या साडेपाचात गेली.

रिपोर्ट खरंच तीन-चार तास जुना असेल तर मात्र त्याच्यावर काही ठरवू नका, तिथल्या हवेनं तेवढ्यात दोनदा रंग बदललेला असतो.

वारा – आकडा नाही, धावपट्टीशी कोन बघा

२७०१४केटी म्हणजे वारा २७० अंशाकडून येतोय, वेग १४ नॉट. "कडून" हा शब्द घट्ट धरा, वारा कुठं जातोय ते नाही, कुठनं येतोय ते. एक नॉट म्हणजे १.८५२ किलोमीटर ताशी, तोंडी हिशेबाला दुप्पट करून थोडं कमी करा, १४ नॉट म्हणजे साधारण २६ किलोमीटर.

विमान वाऱ्याला तोंड करून उडतं आणि वाऱ्याला तोंड करूनच उतरतं, पतंग उडवलेल्या माणसाला हे सांगायला नको. आता २७० चा वारा आणि २८ नंबरची धावपट्टी, फरक फक्त १० अंश, म्हणजे जवळपास समोरून. झकास. पावसाळाभर लोहगावला पश्चिमेचा वारा असतो, त्यामुळं २८ चा वापर जास्त होणार हे कुणी न सांगता कळतं.

आता तोच वारा सोलापूरच्या ३३ वर आणा. ३३० वजा २७०, फरक ६० अंश. आडवा वारा काढायची घरगुती रीत अशी: कोन ३० असेल तर वाऱ्याचा अर्धा भाग आडवा, ४५ असेल तर साधारण ०.७, ६० असेल तर जवळपास ०.९, आणि त्याच्या पुढं सगळाच्या सगळा आडवा धरायचा. म्हणजे पुण्याला जो वारा पायलटला मदत करतोय त्याच १४ नॉटमधले १२ सोलापूरला बाजूनं ढकलायलेत. जून-जुलैत आपल्याकडं पाऊस फारसा नसतो पण वारा असा असतो की गच्चीवरची चादर शेजारच्या गल्लीत सापडते, बरोबर? तो हाच वारा. म्हणून "सोलापूरला ऊन पडलंय, मग विमान हलत का उतरलं" असं विचारणाऱ्यांना मी हे गणित सांगतो.

आकड्यानंतर जी आणि अजून एक आकडा असेल, जसं २७०१४जी२६केटी, तर ते झोत. १४ पेक्षा २६ कडं जास्त लक्ष द्या. व्हीआरबी असेल तर वारा दिशा बदलत फिरतोय, बहुतेक वेळा हलका असतो. ०००००केटी म्हणजे पान हलत नाही, आणि हिवाळ्यात रात्री हे दिसलं तर आनंदायचं कारण नाही, ते पुढं धुक्याच्या वेळी सांगतो.

बारीक गोष्ट, हवी तर सोडून द्या: मेटारमधला वारा १० मिनिटांची सरासरी असतो, टॉवर उतरणाऱ्या पायलटला सांगतो ती २ मिनिटांची. त्यामुळं रेडिओवर ऐकलेलं आणि स्क्रीनवरचं जुळत नाही म्हणून वाद घालू नका.

लढाऊ विमानांचं याबाबतीत नाजूक असतं असं लोकांना वाटत नाही, एवढं दणकट विमान, त्याला वाऱ्याचं काय. पण सुखोई उतरल्यावर मागं ब्रेकचं पॅराशूट सोडतं, आणि बाजूचा वारा त्या पॅराशूटला पकडून शेपूट ओढायला बघतो. पावसात छत्री धरून टू-व्हीलरवर मागं बसलेला माणूस आठवा.

किती लांबचं दिसतंय

३००० म्हणजे दृश्यता ३००० मीटर. ९९९९ दिसलं तर दहा किलोमीटर किंवा जास्त, तो खरंच नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव मीटर नसतो, मी पहिल्यांदा तसाच वाचला होता. शेजारी कारण लिहिलेलं असतं. आरए पाऊस, डीझेड रिमझिम, टीएस गडगडाट, एचझेड कोरडा धुरकटपणा, बीआर म्हणजे विरळ धुकं, एफजी म्हणजे खरं धुकं. दृश्यता १००० मीटरच्या खाली गेली की बीआरचं एफजी होतं. पुढं वजा असेल तर हलका, अधिक असेल तर जोरदार, काहीच नसेल तर मध्यम.

डोळ्यांनी बघून उडायचं असेल, ज्याला व्हीएफआर म्हणतात, तर विमानतळावर दृश्यता निदान ५ किलोमीटर आणि ढगांचं छत १५०० फूट लागतं, हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. फ्लाइंग क्लबची पोरं सकाळी हँगरबाहेर चहा पीत ज्या ५००० ची वाट बघतात ते हेच. मोठी विमानं उपकरणांवर येतात, आयएलएस म्हणजे धावपट्टीकडं रेडिओनं वाट दाखवणारी यंत्रणा, तिच्या साध्या कॅट वन प्रकाराला २०० फुटांची निर्णयाची उंची (तिथपर्यंत धावपट्टी दिसली नाही तर परत वर जायचं) आणि धावपट्टीवर ५५० मीटर दिसणं लागतं. त्याच्या खाली गेलं की फेऱ्या मारा, नाहीतर दुसरीकडं जा.

ढग – भाकरीचे आठ तुकडे

आभाळाची एक कडक भाकरी समजा आणि तिचे आठ तुकडे करा. एक-दोन तुकडे ढगांनी झाकले तर फ्यू, तीन-चार म्हणजे स्कॅटर्ड, पाच ते सात ब्रोकन, आठच्या आठ ओव्हरकास्ट. मागचे तीन आकडे शंभर फुटांत. एससीटी०१२ म्हणजे बाराशे फुटांवर विखुरलेले, ओव्हीसी०२५ म्हणजे अडीच हजारावर पूर्ण झाकलेलं. ही उंची विमानतळाच्या जमिनीपासून मोजतात, समुद्रापासून नाही.

आता महत्त्वाचं. "छत" म्हणजे सगळ्यात खालचा ब्रोकन किंवा ओव्हरकास्ट थर. आमच्या नमुन्यात छत १२०० नाही, २५०० आहे, कारण बाराशेवाला स्कॅटर्ड आहे, त्यातनं भोकं आहेत. नवखा माणूस सगळ्यात लहान आकडा बघून घाबरतो.

शेवटी सीबी लागलेलं असलं, जसं एफईडब्ल्यू०३०सीबी, तर मात्र फ्यू आहे का स्कॅटर्ड हे विसरा. सीबी म्हणजे गडगडाटी ढग. एक तुकडा असला तरी पुरे आहे.

आणि कॅव्होक असं एकच लिहिलेलं दिसलं तर उत्तम: दहा किलोमीटर दिसतंय, पाच हजार फुटांच्या खाली ढग नाहीत, सीबी नाही, पाऊस-धुकं काही नाही. सोलापूरकरांना डिसेंबर-जानेवारीत दुपारी जे आभाळ असतं, हुरडा खायला रानात गेल्यावर डोक्यावर असतं ते, तसं.

नाटोच्या हवाई दलांनी हे सगळं एका रंगात बसवलंय, फार हुशारीचं काम आहे. छत २५०० फूट आणि दृश्यता ८ किलोमीटर असेल तर निळा, १५०० आणि ५ असेल तर पांढरा, मग हिरवा, पिवळा, अंबर, आणि २०० फूट किंवा ८०० मीटरच्याही खाली गेलं की लाल. दोन्हीपैकी जे वाईट त्याचा रंग लागतो. कोड पाठ नसला तरी एका नजरेत कळतं. मी माझ्या वहीत हेच करतो, पेन्सिलच्या रंगानं.

२४/२३ – इथंच माझं विमान राहिलं होतं

पहिला आकडा तापमान, दुसरा ड्यू पॉइंट, म्हणजे दवबिंदू. हवा किती थंड झाली की तिच्यातली वाफ पाणी होईल तो आकडा. दोघांतलं अंतर म्हणजे या सगळ्या रिपोर्टमधली माझी सगळ्यात लाडकी गोष्ट.

त्या डिसेंबरच्या रात्रीचे रिपोर्ट मी नंतर काढून बघितले. आपल्या साडेअकराला १६/१४ आणि वारा शून्य. अडीचला १३/१२, दृश्यता २००० बीआर. साडेपाचला ११/११, ३०० मीटर, एफजी. जिन्यानं एकेक पायरी उतरत यावं तसं तापमान ड्यू पॉइंटपर्यंत आलं आणि बसलं. मी सोलापुरातनं निघालो तेव्हाच हे सगळं समोर लिहिलेलं होतं: अंतर फक्त २, आभाळ मोकळं म्हणजे जमीन पटापट गार होणार, वारा नाही म्हणजे वरची कोरडी हवा खाली मिसळणार नाही. हे तीन एकत्र आले की धुक्याचा सांगावा समजायचा. वारा पाच-सात नॉट असता तर बहुतेक वाचलो असतो.

चांदण्या स्वच्छ होत्या म्हणून मी निर्धास्त होतो, आणि धुकं येणार होतं ते त्याच चांदण्यांमुळं. ढग असते तर जमिनीवर गोधडी राहिली असती.

असं धुकं ऊन चढलं की तळापासून सुटतं. कधी आठला, कधी नऊ-साडेनऊला. मध्येच वर उचलून दोनशे-तीनशे फुटांवर ढगाचा थर होऊन बसतं, तेव्हा खालनं सगळं मोकळं दिसतं आणि प्रवासी काउंटरवर भांडायला लागतात की आता काय अडचण आहे. अडचण वर आहे.

हेच अंतर उन्हाळ्यात दुसऱ्या कामाला येतं. दुपारी कापसासारखे ढग तयार होतात त्यांचा तळ किती उंच, तर अंतर गुणिले ४०० फूट. ३४/२२ असेल तर १२ गुणिले ४००, साधारण ४८०० फूट. गच्चीवर उभं राहून हे सांगितलं की पोरं आ वासून बघतात.

क्यू१००७, आणि दहा-चारचा खेळ

हा हवेचा दाब, हेक्टोपास्कलमध्ये. पायलट तो उंचीमापकात भरतो. एक हेक्टोपास्कल चुकला तर उंचीत साधारण ३० फूट फरक, पाच चुकले तर दीडशे फूट, आणि ढगातनं खाली येताना दीडशे फूट म्हणजे चेष्टा नाही.

नवख्यांना एक सावधगिरी. सकाळी दहाला १०१०, दुपारी चारला १००६, असं बघून मला एकानं घाबरून फोन केला होता की वादळ येतंय. काय बे, ते रोजच होतं. आपल्या अक्षांशावर दाब रोज सकाळी दहा आणि रात्री दहाच्या सुमारास चढतो, दुपारी चार आणि पहाटे चारला उतरतो, भरती-ओहोटीसारखा. आजच्या चारचा आकडा कालच्या चारशी जुळवायचा, आजच्या दहाशी नाही.

उन्हाळ्यात विमानासाठी सोलापूर महाबळेश्वरच्या वर जातं

हे मेटारमध्ये लिहिलेलं नसतं, काढावं लागतं. गरम हवा पातळ असते, पातळ हवेत पंखाला आणि इंजिनाला पकड कमी. किती कमी ते "आपण किती उंचीवर असल्यासारखं विमान वागेल" अशा भाषेत सांगतात, त्याला डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात.

सोलापूर विमानतळ साधारण १५८० फुटांवर. या उंचीला प्रमाण तापमान १२ अंश धरतात. मे महिन्यात दुपारी ४२. म्हणजे ३० अंश जास्त, प्रत्येक अंशाला साधारण १२० फूट, झाले ३६०० फूट, अधिक आपले मूळचे १५८०. बेरीज ५२०० च्या आसपास, दाब कमी असेल तर अजून थोडी वर. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर आहे! म्हणजे आपण घामानं निथळत होटगी रोडला उभे आणि विमान मात्र महाबळेश्वरच्या वर उभं असल्यासारखं दमतंय. मग धावपट्टी जास्त लागते, नाहीतर वजन कमी करावं लागतं. सैन्याच्या तळांवर जड सामान भरलेल्या विमानांना हे फार नडतं, आणि त्यात दुपारी जमिनीवरनं उठणाऱ्या गरम झोतांमुळं खालनं उडणारं विमान आदळतं, म्हणून उन्हाळ्यात सकाळची वेळ सोन्यासारखी.

वळीव

एप्रिल-मे आणि परत सप्टेंबर-ऑक्टोबर. आपल्याकडं वर्षातला सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरला पडतो, तो असाच गडगडाट करून. पर्जन्यछायेच्या प्रदेशातले हे ढग अभ्यासायला पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं २०१८ आणि २०१९ ला सोलापूरवरनंच विमानं उडवली होती, ढगांत क्षार फवारून पाऊस वाढतो का बघायला. बघितलेले आठवत असतील काहींना.

वळवाचं धोकादायक काय, तर पाऊस नाही, पावसाच्या आधी येणारी गार हवा. ढगातनं थंड हवा धबधब्यासारखी खाली पडते आणि जमिनीवर आपटून चारी बाजूला पसरते. तुमच्या अंगणात ऊन असतं, दहा-पंधरा किलोमीटरवर काळं दिसतंय, आणि एकदम धुरळा उठतो, दारं आपटतात, वास येतो. त्या मिनिटाला वारा समोरचा होता तो मागचा झालेला असतो. उतरणाऱ्या विमानाला यापेक्षा वाईट काही नाही. म्हणून सीबी दिसला की पायलट चांगले वीस नॉटिकल मैल, म्हणजे ३७ किलोमीटर लांबनं जायला बघतात.

घरून अंदाज घ्यायचा तर वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा आणि तीननं भागा, तेवढे किलोमीटर. आणि गच्चीवर असाल तर मोजायच्या आधी खाली या.

टाफ म्हणजे पुढचं

मेटार आत्ताचं सांगतो, टाफ पुढच्या तासांचं. अक्षरं तीच. फक्त दोन शब्द शिकून घ्या. बीईसीएमजी म्हणजे हळूहळू बदलून तसंच राहणार. टेम्पो म्हणजे मध्येमध्ये येऊन जाणार, एका वेळी तासापेक्षा कमी, आणि सगळं मिळून दिलेल्या वेळेच्या अर्ध्याहून कमी. "टेम्पो १५०९/१५१२ टीएसआरए" म्हणजे १५ तारखेला आपल्या अडीच ते साडेपाच दुपारी गडगडाटी सर येऊन जाईल. तुमचं विमान चारचं असलं तर ते रद्द होणार असं नाही, अर्धा-पाऊण तास हवेत घिरट्या घालेल एवढी मनाची तयारी ठेवा. मेटारच्या शेवटी नोसिग असतं ते पुढच्या दोन तासांपुरतं: विशेष बदल नाही.

हवामान मस्त, तरी विमान नाही

हे सैन्याच्या तळाचं खास. ऑक्टोबर २०२१ मध्ये १६ ते २९ तारखेपर्यंत लोहगावची धावपट्टी दुरुस्तीसाठी पूर्ण बंद होती, आभाळ निळंशार आणि एकही प्रवासी विमान नाही. अशा सूचना नोटॅममध्ये, म्हणजे वैमानिकांसाठी निघणाऱ्या सूचनापत्रकात येतात, तेही बघायची सवय लावा. शिवाय हवाई दलाचा सराव असतो तेव्हा नागरी विमानांना थांबावं लागतं, ते वेळापत्रक तुम्हाला-आम्हाला कळणार नाही आणि कळायची गरजही नाही.

याच्यावरनं एक कडक सूचना. तिथं फोटो-व्हिडिओ काढायला बंदी आहे, विमानाच्या खिडकीतनं सुद्धा. कुठलं लढाऊ विमान कधी उडालं हे ग्रुपवर टाकत बसू नका. हवामान सगळ्यांसाठी खुलं आहे, बाकीचं नाही.

आता गच्चीवर या

वाचून कोड येत नाही, बघून येतो. मी पोरांना हे करायला लावतो: नकाशावर आपल्या घरापासून चार-पाच ठळक गोष्टींचं अंतर मोजून ठेवा. पाण्याची टाकी, एखादी उंच बिल्डिंग, लांबची फताटेवाडीच्या एनटीपीसीची चिमणी. कुठली दिसते, कुठली पुसट, कुठली गायब, झाली दृश्यता. पूर्वी होटगी रोडच्या कारखान्याच्या चिमणीच्या धुरावरनं वारा बघायचो, ती १५ जून २०२३ ला पाडली, विमानं उतरायच्या वाटेत होती म्हणून. पुढं ९ जून २०२५ पासून गोव्याचं विमान सुरू झालं. आता वाऱ्यासाठी गच्चीच्या कोपऱ्यात एक जुना गमछा बांधलाय. विमानतळावरचा वारा दाखवणारा कापडी मोजा साधारण १५ नॉटला पूर्ण आडवा होतो, गमछा त्याच्या आधीच होतो, पण रोज बघून अंदाज बसतो.

मग वहीत तुमचा स्वतःचा मेटार लिहा. वेळ झेडमध्ये, वारा, दिसणं, भाकरीचे किती तुकडे झाकले, तापमान. त्याच वेळचा लोहगावचा रिपोर्ट खाली उतरवा. पहिले पंधरा दिवस ढगांची उंची हमखास चुकेल, माझी अजून चुकते, मामा फोनवर विचारतात आणि मी अडीच हजार म्हणलो की म्हणतात "चार धर."

आणि हिवाळ्यात पहाटेचं विमान धरायला रात्री निघणार असाल तर बॅग गाडीत टाकायच्या आधी १८०० झेडचा रिपोर्ट उघडा. तापमान आणि ड्यू पॉइंटमधलं अंतर दोन किंवा कमी, वारा शून्य, ढग नाहीत, असं असेल तर निघायचं तर आहेच, विमान वेळेवर उडालं तर चुकायला नको. फक्त पिशवीत शेंगाची चटणी आणि दोन भाकरी जास्त टाका, साडेनऊपर्यंत पुरायला पायजेत.